खिडकीजवळचं हृदय

चाचणीच्या खोलीत मिठाच्या पाण्याच्या टाक्यांमध्ये कृत्रिम हृदयं रांगेने धडधडत होती. त्यांचा वेग नेमून दिलेला होता. तरी मॅडम आत आल्या, की खिडकीजवळच्या हृदयाची धडधड वाढायची. मॅडमना तंत्रज्ञाचा दाट संशय होता.

"दादा, खरं सांगा, बटणाशी कोण खेळतं?"

"आईशप्पथ, मी हातही लावत नाही. तुम्ही नसलात की कसं शहाण्यासारखं चालतं."

"म्हणजे मला घाबरतं? पंपाला कसली आलीय भीती!" मॅडम हसल्या.

दादा हसला नाही. तो त्यांच्या हातातल्या कटरकडे बघत होता. चाचणी संपलेलं हृदय चिरून झडपांची झीज तपासायचं काम मॅडमचंच. शेजारचं हृदय त्यांनी कालच चिरलं होतं, तिथल्याच टेबलावर.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दादाला रंगेहाथ पकडायचं म्हणून मॅडम चपला हातात घेऊन दबक्या पावलांनी दारापाशी गेल्या. आतून संथ धडधड ऐकू येत होती. तेवढ्यात मागच्या जिन्यावरून हात पुसत दादाच वर आला. म्हणजे आत कुणीच नव्हतं.

मॅडमनी दाराच्या मुठीला हात लावला.

आतली सगळीच हृदयं एकदम थांबली. दाराआड लपलेल्यांनी श्वास रोखून धरावा तशी.