नॉर्बची पंचवीस फुटी नळी

डॉलोरेस कुबियाकने एक घोट घेतला, ग्लास काउंटरवर ठेवला आणि रुमालाने ओठ टिपले. मिलवॉकीच्या दक्षिण भागात घरी बिअर गाळणाऱ्यांचं जे मंडळ आहे, त्याची ती म्होरकी. तिने नाक मुरडलं की माणसाला वर्षभर तोंड लपवत फिरावं लागे.

“लेरॉय, ही तुझी पिवळी बिअर ना? मग हिला रूट बिअरचा वास कसा मारतोय?”

रूट बिअर म्हणजे नावापुरती बिअर. शाळकरी पोरं आइस्क्रीम घालून पितात ते काळं, गोड, फेसाळ सरबत. कुणीतरी फिसकन हसलं. लेरॉयचे कान तापले. चामड्याच्या कारखान्यात तीस वर्षं घालवल्यावर त्याचं नाक कामातून गेलं होतं. त्याला कसलाच वास येत नसे. मंडळ पहिल्यांदाच त्याच्या तळघरात आलेलं. बायको अर्लीन सकाळपासून वर सॉसेज शिजवत होती. आणि इथे अकरा माणसांसमोर त्याच्याच बिअरचा वास त्याला दुसऱ्याने सांगावा लागत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

“नळी बघ,” डॉलोरेस म्हणाली. “रूट बिअर एकदा नळीत मुरली की शंभर वेळा धू, वास जात नाही. नळी फेकूनच द्यावी लागते.”

नळी. लेरॉयने धाकट्या भावाकडे पाहिलं. नॉर्ब कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता.

झालं होतं ते असं. जुन्या फ्रीजच्या दाराला दोन नळ, आत दोन पिंपं, एक लेरॉयचं आणि एक नॉर्बचं. दोन वर्षांपूर्वी दोघं नळ्या घ्यायला दुकानात गेले होते. पिंपातली बिअर वर ढकलणाऱ्या गॅसच्या लाल नळीला लांबीचा काही नखरा नसतो, पण बिअरची नळी आखूड पडली तर बिअर मोकाट सुटते आणि ग्लासात नुसता फेस. लेरॉयला हे दुकानदाराने सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही, तीन फुटी तुकडा उचलला. नॉर्बने मात्र पंचवीस फूट मागितली.

“शेजाऱ्याच्या घरात नळ काढतोयस का रे, येड्या?” लेरॉय म्हणाला होता.

“माझ्या काळ्या बिअरला गॅस जास्त लागतो, म्हणून नळीही लांब लागते,” नॉर्ब म्हणाला. वर त्याने अट घातली की ज्याने त्याने आपल्याच नळाला हात लावायचा. आपली बिअर आंबट असते, दुसऱ्याला झेपणार नाही. त्या अटीला लेरॉय दोन वर्षं जागला. आज सकाळी जागला नाही. पाहुणे यायची वेळ झाली तरी नळातून फेसच येत होता आणि नॉर्ब चर्चमध्ये होता. लेरॉयने त्याची लांब नळी काढली, गरम पाण्याने धुतली आणि आपल्या पिंपाला जोडली. बिअर सुरेख उतरली. नळीसारखी नळी, त्यात काय विचारायचं, असं त्याला वाटलं.

“काय घाण भरली होतीस रे त्या पिंपात?” आता तो सगळ्यांदेखत ओरडला. “स्वतःला धड बिअर करता येत नाही, आणि चारचौघांत माझं नाक कापलंस!”

नॉर्बने घडी सोडली.

“डॉलोरेस बरोबर सांगतेय. रूट बिअरच होती.”

“कधी?”

“पहिल्या दिवसापासून.”

लेरॉय हसला. त्याला वाटलं, आता बाकीचेही हसतील आणि आपली लाज झाकली जाईल. “ऐकलंत? हा घोडा रोज संध्याकाळी सहाला वरच्या मजल्यावरून खाली येतो, माझ्या ग्लासाला ग्लास भिडवतो, आणि पितो काय, तर पोराटोरांचं सरबत!”

कुणी हसलं नाही.

“डॉक्टरने मला दारू सोडायला सांगितली तेव्हा मी आधी तुलाच सांगितलं होतं,” नॉर्ब म्हणाला. “तू माझे हात धरलेस. म्हणालास, तू सोडलीस तर मी अर्लीनला काय सांगू?”

अर्लीन जिन्यातच उभी होती, हातात सॉसेजची परात. लेरॉयचा बाप याच तळघरात, याच स्टुलावर, एकटा पिऊन पिऊन संपला होता. ते सगळं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं आणि लेरॉयला एकदाच बजावलं होतं: एकटा प्यायला बसलास, की मी माझ्या बहिणीकडे निघाले. लेरॉयचं उत्तर ठरलेलं असे. एकटा पितो तो बेवडा, दोघं पितात ते भाऊ. हे तो मोठ्या ऐटीत सांगायचा. आजही पाहुण्यांना दारातच सांगून झालं होतं.

अर्लीन उरलेल्या पायऱ्या उतरली. तिने परात काउंटरवर ठेवली. ती नॉर्बकडे बघत नव्हती.

“मग गेली दोन वर्षं रोज संध्याकाळी इथे तुझ्याबरोबर कोण पीत होतं, लेरॉय?”

लेरॉयने नळाकडे पाहिलं, मग बापाच्या स्टुलाकडे. सगळी माणसं ऐकत होती, पण आता त्याला त्यांची लाज वाटेना. जिची वाटत होती ती समोर उभी होती.

“कुणीच नाही,” तो म्हणाला.