यादीतलं नाव

“ताई, लॅपटॉप रिक्षातच राहिला,” उपसंपादक वामनराव दारातूनच म्हणाले. दिवाळी अंकाचा सगळा पत्रव्यवहार त्यावरच यायचा.

संपादक कुमुदताईंनी शांतपणे ईमेलचं खातं उघडलं. या एकाच खात्यासाठी प्रत्येक मशीनला त्यांनी वेगळा पासवर्ड काढून दिला होता. “एका पेटीला पाच किल्ल्या!” म्हणून वामनरावांनीच त्यांची चेष्टा केली होती.

ताईंनी त्या पासवर्डांच्या यादीतलं ‘वामनराव’ खोडलं. “झालं. त्या लॅपटॉपवरून आता आपल्या खात्यात कुणी शिरणार नाही. बाकीच्यांचं काम चालूच राहील.”

वामनरावांनी मनोमन हात जोडले. पण आपलं खोडलेलं नाव पाहून ते दाराकडे वळले. “मग... मी निघू?”

“कुठे?” ताईंनी कपाटातला जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला, यादीत पुन्हा ‘वामनराव’ लिहिलं आणि चष्मा सावरला. “नवा पासवर्ड सोळा अक्षरांचा आहे. सांगते, टाका.”