जुनी झीज

मंचरच्या मिस्त्रीनं जुन्या गाडीच्या स्टेअरिंगचा झिजलेला जॉइंट काढून रामनाथच्या हातात दिला. "झीज जुनी हाय, भाऊ. तुमच्या हाताला सवय पडली म्हणून कळलं नाय. नवख्याच्या हातनं गाडी वाकडीच जाणार." रामनाथला बायको आठवली. अवसरीच्या नोकरीवर गाडीनं जाता यावं म्हणून नूतन गेल्या वर्षी हीच चालवायला शिकत होती. एकदा गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली. "अहो, स्टेअरिंग ढिलं लागतंय," ती म्हणाली. "तुझेच हात ढिले," तो भावकीसमोर हसला होता. तिनं गाडी सोडली, मग नोकरीही. नवा जॉइंट बसवून तो घरी आला आणि जुना तिच्यापुढं ठेवला. "तुझं खरं व्हतं. चूक माझी." नूतननं जॉइंट हलवून पाहिला. तो खडखडला. "मला वाटलं, माझ्यातच कायतरी कमी हाय." त्यानं किल्ली पुढं केली. "नको. आता भीती बसलीय."