दीड इंचाची माया

"शिवणीत दीड इंच कापड जादा कशाला ठेवलंय?" बुलेटप्रूफ जॅकेट उलटं करून साहेब माझ्यावर उखडले. बायकांच्या मापाचं आमच्या कारखान्यातलं हे पहिलंच जॅकेट. त्यात एकेक ग्रॅम वाचवायचा होता. पण वीस वर्षं ब्लाऊज शिवले, हाताला माया ठेवायची सवयच!

पुरुषांच्या जॅकेटमुळे बंदूक खांद्याला नीट टेकत नाही, म्हणून कॅप्टन मॅडम स्वतः हे न्यायला आल्या होत्या. संध्याकाळी त्यांना लेहला जायला निघायचं होतं. बर्फातला जाड कोट चढवून त्यांनी वरून जॅकेट घातलं, आणि ते काखेत आवळलं. पट्टा लागेचना. साहेब पांढरे पडले. कोटावरून माप घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं!

"पाच मिनिटं द्या," म्हणत मी उसवायला बसले. दोन्ही बाजूंची माया सोडली, पुन्हा शिवण मारली.

मॅडमनी पट्टा खटकन लावला, सोबत आणलेली बंदूक उचलली. दस्ता खांद्यात चपखल बसला. "बसला! बसला एकदाचा!" त्या ओरडल्याच.

साहेबांनी जॅकेटचा आराखडा माझ्यापुढे पसरला, खिशातली पेन्सिल दिली. "शेवंताबाई, तो दीड इंच यात तुम्हीच आखा. सगळ्या मापांना."