अठ्ठाविसावं नाव

मशीनवर आकडा उमटला. बेचाळीस. सारिकाने नवी पट्टी लावून झुंबरबाईचं दुसरं बोट टोचलं. पुन्हा बेचाळीसच. झुंबरबाई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. अंगाला दरदरून घाम, हाताला कापरं. डोळे उघडे होते, पण सारिका कोण हे तिला कळत नव्हतं.

इतकी उतरलेली साखर माणसाला तासाभरात घेऊन जाते, हे सारिकाला पाठ होतं. ग्लुकोजची पुडी तिच्या पिशवीत होती आणि पिशवी देवळात, सकाळपासून गावाची तपासणी चालली होती तिथे. राहिलेला शेवटचा आकडा आणायला ती नुसतं मशीन घेऊन पळत आली होती. तिने फडताळातले डबे उघडले. साखरेचा रिकामा, गुळाचाही रिकामा. गेल्या महिन्यात तिनेच समोर उभं राहून ते रिकामे करायला लावले होते.

दाराशी चिक्कीची पाटी होती. झुंबरबाई नागफणीच्या कड्याच्या वाटेवर पर्यटकांना चिक्की विकायची, त्यावरच तिचं पोट होतं. सारिकाने एक पाकीट फोडलं, चिक्की कुटून कोमट पाण्यात विरघळवली, दाणे गाळले आणि ते पाणी चमच्याचमच्याने तिच्या ओठांना लावलं. पहिला घोट बाहेर आला. दुसरा आत गेला.

कुरवंडे गावातलं मधुमेहाचं केंद्र सरकार आणि एका कंपनीच्या भागीदारीतलं होतं. जागा आणि डॉक्टर सरकारचा, इन्सुलिन आणि गोळ्यांचा खर्च कंपनीचा. कंपनी मात्र खमकी. फळ दिसलं तरच पुढचा खर्च. चाळीस पेशंटपैकी अठ्ठावीस जणांची उपाशीपोटीची साखर एकशे तीसच्या आत आली पाहिजे, नाहीतर केंद्राला कुलूप. मागच्या खेपेला सतराच आले होते. मग केंद्राची नर्स म्हणून सारिकाने सभा घेतली आणि सगळ्यांना फैलावर घेतलं. झुंबरबाईला तर भर सभेत उभं केलं. म्हणाली, घरात चिक्कीची रास, मग साखर उतरेल कशी? सुक्याबरोबर ओलंही जळतं मावशी, तुमच्या एकटीच्या जिभेपायी सगळ्या गावाचं औषध जाईल. झुंबरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिली होती.

आता चमचा भरताना सारिकाचं लक्ष पुन्हा पाटीकडे गेलं. तिने फोडलेलं पाकीट सोडलं तर एकाचंही तोंड उघडलेलं नव्हतं. चिक्की विकणारीने चिक्की खाल्लीच असणार, एवढ्या एका तर्कावर आपण या बाईला चारचौघांत चोर ठरवलं. सारिकाला स्वतःची लाज वाटली. सकाळपासून आपण कशाच्या खुशीत होतो, तेही आठवलं.

सकाळी देवळाच्या मंडपात आकडे असे काही चांगले येत होते की तिचा विश्वास बसेना. दत्तोबाची साखर कधी अडीचशेच्या खाली उतरली नव्हती. आज एकशे बारा. आपलं बोलणं लागलं म्हणायचं, असं तिला वाटलं. बोट टोचून झालं तरी कुणी घरी गेलं नाही. सगळे भिंतीला पाठ लावून गुपचूप बसून राहिले. तिने पोहे करून आणले होते, त्यांना कुणी हात लावला नाही. समद्यांचं होऊ दे, एवढंच दत्तोबा म्हणाला. माणसं रीतीची आहेत, असं तिला वाटलं. नऊ वाजता एकोणचाळीस जण झाले होते आणि त्यांतले सत्तावीस एकशे तीसच्या आत होते. राहिली होती फक्त झुंबरबाई.

दारात सावली पडली. कंपनीचा तपासनीस ओंकार शोधत आला होता. त्याने आधी झुंबरबाईकडे पाहिलं, मग जमिनीवरचं मशीन उचललं.

"बेचाळीस," तो म्हणाला. "एकशे तीसच्या आत आहे, मॅडम. अठ्ठाविसावं नाव. तुमचं केंद्र वाचलं."

त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. नियमात खाली किती चालेल ते लिहिलेलंच नव्हतं. सारिकाला वर बघवेना.

पाच-दहा मिनिटांनी झुंबरबाईच्या नजरेत ओळख आली. तिने ओठ पुसले आणि पहिलं विचारलं ते हेच.

"बसला का गं माझा आकडा?"

सारिकाने नुसती मान हलवली. मग तिने विचारलं, मावशी, शेवटचं कधी जेवलात?

"परवा सकाळी. उपास धरलाय. इंजेक्शन मातर चुकवलं न्हाई, तू वरडतीस म्हणून."

पोटात अन्न नाही आणि वर इन्सुलिन, म्हणूनच साखर एवढी कोसळली होती. सारिका रडायलाच लागली. माझ्यामुळे, मावशी, असं काहीतरी ती पुटपुटली. मी तुम्हाला एकटीला नको ते बोलले.

झुंबरबाईने हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"माझी एकटीची गोष्ट न्हाई, बाय. समद्या चाळीस जणांनी असाच धरलाय. भैरोबाम्होरं सुपारी ठिवून ठरलंय, माझी तपासणी शेवटची, ती झाल्याबिगर कुनीबी घास मोडायचा न्हाई."

सारिकाने चमचा ओंकारच्या हातात दिला, मावशींना सोडून हलू नका म्हणाली, चिक्कीची पाटी डोक्यावर घेतली आणि देवळाकडे धावत सुटली.