मंडळाचं पाकीट

पाकिटावर चिकटवलेला पत्ता दर महिन्याला डावीकडे जरासा कललेला असे. वधूवर मंडळाचं ते पाकीट धाकट्या बहिणीच्या, केतकीच्या नावाने येई. तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली तरी मंडळ तिला स्थळं सुचवतच होतं. हेमांगी प्रत्येक पाकीट उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असे आणि मगच रद्दीत टाकत असे. तिला स्वतःला असं पाकीट येऊन सहा वर्षं झाली होती. थोरली बिनलग्नाची म्हणून धाकटीचं कुठे जमेना, तेव्हा तिनेच मंडळातून आपलं नाव काढून घेतलं होतं.

माहेरी आलेल्या केतकीला आज टेबलावर नवं पाकीट दिसलं. "अगं ताई, अजून नऊजण रांगेत आहेत माझ्यासाठी! ह्यांना दाखवते, जरा वचकून राहतील." ती खिदळली. "फोन करून बंद कर ना एकदाचं. नुसती रद्दी!"

हेमांगीचा आतल्या आत जळफळाट झाला. जिला एकही नको, तिला नऊ! तिने तिथल्या तिथे मंडळाला फोन लावला.

"लग्न झालं का? छान हो! काढते नाव," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "म्हणजे आता तुमच्या घरी काही पाठवायला नको ना?"

केतकी पाकिटाचे तुकडे करत बसली होती. हेमांगीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं.

"पाठवा," ती म्हणाली. "नाव लिहून घ्या. हेमांगी दातार, वय एकेचाळीस."