डोळ्यांचं पथ्य

“मान हालवू नको. डाक्तरनं काय सांगतलं व्हतं?”

“हालवून नाई राह्यली जी. नाकावर माशी बसली.”

शालिकरामनं बायकोच्या तोंडावरून हात फिरवून माशी हाकलली. गिरजाबाई बाजेवर उताणी पडली होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पुरचुंड्या. हिवाळ्यापुरता वाशीमच्या धर्मशाळेत उतरलेल्या डॉक्टरनं तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. काही दिवस तिथं ठेवून मग त्यानं तिला घरी धाडलं. शेजारच्या जगदेवनं बैल जुंपलेल्या दमणीतून ती कालच रिसोडजवळच्या आपल्या मळ्यात पोचली होती.

पथ्यं इतकी, की त्यापेक्षा सासुरवास परवडला. खोकायचं नाही, वाकायचं नाही, दाताखाली काही धरायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. खोलीत धूर नको आणि उजेडही नको. शालिकरामनं खिडकीला तट्टा लावला, दार ओढून घेतलं आणि दिवा लावणंच बंद केलं.

खरं तर गिरजाबाई या फंदात पडलीच नसती. तिच्या थोरल्या बहिणीच्या, कस्तुराबाईच्या डोळ्यात एका फिरत्या वैदूनं सुई घातली होती, आणि मोतीबिंदूबरोबर डोळाही गेला. तेव्हापासून गिरजाबाई म्हणे, आंधळी मरीन, पण डोळ्याले हत्यार लावू देणार नाई. तिला माणसं नुसती सावल्यांसारखी दिसू लागली, चुलीवर भाकरीऐवजी बोटच भाजू लागलं, तरी तिचा हेका सुटेना. लेक अंजना मानोऱ्याला दिलेली. तिचे दिवस भरत आले होते. नातवाचं तोंड दिसणार नाही म्हणून ही बाई एकटी बसून रडायची, पण दवाखान्याचं नाव काढलं की उठून जायची.

शालिकरामचा एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू. शेवटी तो म्हणाला, “मी पह्यले जातो. मले दिसलं त जाशीन?”

“तुमाले दिसलं त जाईन.”

तो जाऊन आला. घरी आल्यावर त्याला खोकला लागला. तोंडात उपरण्याचा बोळा धरून तो खोकायचा आणि ती जीव मुठीत धरून ऐकायची. पट्टी काढायच्या दिवशी तो बराच वेळ दाराकडे तोंड करून बसून राहिला.

मग तो म्हणाला, “अवं, तुह्या लुगड्याची किनार किती पिवळी हाये!”

ती हुंदके देऊन रडली. डॉक्टरचा मुक्काम हलायच्या आत ती दमणीत बसली, तेव्हा तिच्या मनात भीतीचा मागमूस नव्हता. कासरा धरलेला जगदेव मात्र वाशीम येईतो बैलांवरच नजर ठेवून होता.

आता शालिकराम तिचं सगळं करत होता. जगदेवची बायको पातळ वरण आणि भाताची पेज आणून द्यायची, आणि तो ते चमच्यानं भरवायचा. आधी तिच्या हनुवटीला हात लावायचा, मग चमचा ओठाशी आणायचा. पट्टी सैल करून घातलेला औषधाचा थेंब बुबुळाला न लागता डोळ्याच्या कोपऱ्यात पडावा म्हणून त्याची बोटं कपाळावरून भुवईवर, भुवईवरून नाकाच्या कडेला हळूहळू यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं आपल्या तोंडावरून असा हात कधी फिरवला होता? पट्टीखाली तिला लाजल्यासारखं व्हायचं.

“अंधारात कसं जमते जी तुमाले?”

“आदत झाली.”

“बजारात नाई गेले?”

“जगदेव नेते भाजी. तुले टाकून कोठी जाऊ?”

“भाजीचा मया कसा हाये?”

“वांग्याले जांभये फूल आले. सांबाराचा वाफा असा हिरवागार, का नजर हटत नाई.” तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून तो म्हणाला, “तू डोळा सांभाळ. अंजनाच्या लेकराचं तोंड पाह्याचं हाये तुले.”

तिला भरून आलं. पण तिनं हुंदका गिळला. जगदेवची बायको आली की गिरजाबाई पडल्या पडल्या नवऱ्याची बढाई मारायची, याइले आता सुईचं नेढंही दिसते म्हणून. ती बाई हं हं करायची आणि भांडी उचलून लगबगीनं जायची.

पट्टी काढायचा दिवस आला, तशी ती पहाटेपासून देवाचा धावा करत होती. दुपारी शालिकरामनं तिला हात देऊन उठवून बसवलं. मागची गाठ सोडली.

“डोये मिटूनच ठेव. वल्लं फडकं आणतो, पुसून देतो. मंग उघड.”

तो कोपऱ्यातल्या हंड्याकडे गेला. पाण्याचा आवाज आला. गिरजाबाईला एवढा धीर कुठला! तिनं डोळा उघडला.

आधी सगळं ताकासारखं पांढरं झालं. मग छपराचे बांबू दिसले, दोरीवरचं लुगडं दिसलं. कडा पुसट होत्या, पण दिसत होतं! दाराच्या फटीतून ऊन आत आलं होतं. ती अनवाणी पावलांनी, भिंतीला धरून, आवाज न करता दारापर्यंत गेली आणि तिनं दार हळूच लोटलं. उजेड आत पसरला. आता याइले चकित करायचं, म्हणून तोंडाला पदर लावून ती वळली आणि तिथंच उभी राहिली.

शालिकराम ओलं फडकं घेऊन परतला होता. तो तिच्यापासून हातभर अंतरावरून गेला. तोंडावर सगळं ऊन होतं, डोळे उघडे होते. बाजेपाशी तो उकिडवा बसला.

“उघडला काय वं डोया? दिसते काय?” त्यानं विचारलं.

तोंडाला लावलेला पदर तिनं दातांत घट्ट धरला.

“काहून बोलत नाई?” रिकाम्या बाजेकडे पाहून तो कौतुकानं हसत होता. “मी कसा दिसतो, ते त सांग.”